गंगाधरपंत फिर्याद लिहितात

आनंदनं वरव्याच्या सडकेवर एका माणसाला मोटारीची धडक दिली आणि न थांबता पळून आला, ही बातमी रविवारी सकाळी मानसिंग हवालदारानं नसरापूरकर वकिलांच्या ओसरीवर आणून टाकली. तपासासाठी त्याला फारसे श्रम पडले नव्हते. छत्तीस साली भोरात मोटारी होत्या मोजून तीन. एक खुद्द संस्थानिक सरकारांची. ती शनिवारी जागची हलली नव्हती. दुसरी डॉक्टरांची, ती दिवाळीपासून बंद होती आणि तिच्या मागच्या बैठकीवर शेजाऱ्यांची कोंबडी अंडी घालत होती. राहता राहिली आनंदची, आणि तिचं डावं मडगार्ड नेमकं आदल्या दिवसापासून वाकलेलं.

"मानूस गुंजवण्याचा हाय. पाय मोडलाय म्हणत्यात," मानसिंग अदबीनं म्हणाला. "चालवणाऱ्याला दिवस मावळायच्या आत चौकीवर घेऊन या, वकीलसाहेब. तुमच्या दारात शिपाई पाठवणं फौजदारसाहेबांना बरं वाटत नाही."

त्यानं चहा घेतला, वाकलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं, आणि आनंदला रामराम न करताच निघून गेला.

सगळ्यांनी आनंदकडे पाहिलं. आनंदनं थोरल्या भावाकडे पाहिलं. गंगाधरपंतांनी आढ्याकडे पाहिलं.

कारण मोटार आनंदची खरी, पण शनिवारी दुपारी तीन वाजता ती चालवत होते ते स्वतः गंगाधरपंत. बावीस वर्षं वकिली केलेले, पन्नाशी उलटलेले, रस्त्यानं चालताना डबक्यालासुद्धा वळसा घालून जाणारे गंगाधरपंत.

झालं होतं असं की, एका बांधाच्या भांडणात जागा पाहायला दोघे भाऊ वरव्याला गेले होते. अशिलानं पुरणाचं जेवण घातलं. आनंद तिथंच ओसरीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. पंतांना मात्र गेले दोन महिने एक वेगळंच वेड लागलं होतं. नीरा नदीच्या वाळवंटात आनंदनं त्यांना, घरी कुणाला न सांगता, तीनदा मोटार शिकवली होती. पुढे जायचं आणि थांबायचं, एवढं त्यांना येत होतं. मागे घ्यायचा धडा राहिला होता. समोर मोकळी सडक, दारात मोटार, भाऊ झोपलेला. पंतांनी पगडी वाऱ्यानं उडू नये म्हणून काढून शेजारच्या बैठकीवर ठेवली आणि निघाले.

फर्लांगभर तर त्यांना आपण विशीत आहोत असंच वाटलं. मग समोरून डोक्यावर पोतं घेतलेला एक माणूस आला. तो बिचारा डावीकडे सरला, तर मोटारही तिकडेच गेली. तो उजवीकडे आला, तर मोटारही आली. भोंगा वाजवायला एक हात चाकावरून काढावा लागला असता, आणि तेवढा विश्वास पंतांचा स्वतःवर नव्हता. धप्प असा आवाज झाला. मोटार थांबली ती पुढे एका चिंचेखाली. मागून बाईमाणसाची हाक आली, "ओ दादा, थांबा वं." हाक स्वच्छ ऐकू आली. पंतांनी मान वळवून मागे पाहिलंसुद्धा, आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की सडकेवर दुसरा साक्षीदार कुणी नाही.

मग ते तसेच पुढे गेले आणि गाडीवाटेनं वळसा घालून पलीकडच्या बाजूनं वरव्यात आले. मडगार्ड झाडाला घासलं, असं त्यांनी आनंदला सांगितलं. मोटार आपल्याला मागे घेताच येत नव्हती, असं ते रात्रभर स्वतःला सांगत होते. पण माणसाला उतरून पायी मागे जाता येतं, हेही ठाऊक असल्यामुळे त्या सांगण्याचा काही उपयोग झाला नव्हता.

आता त्यांनी तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत आनंद म्हणाला, "होय. मीच होतो."

पंतांनी तोंड मिटलं. आपण ते किती चटकन मिटलं, याची त्यांना लाज वाटली.

यात आनंदचा हिशेब सरळ होता. दादांच्या नावावर सरकारी वकिलीचा हुकूम सोमवारी दरबारातून निघायचा होता. बावीस वर्षं त्यांनी त्याचीच वाट पाहिली होती. उलट आनंदचं नाव आधीच धुळीला मिळालेलं. केशतेल काढून झालं होतं, सोडावॉटरची फॅक्टरी फुटून झाली होती, आणि आता ही जुनी मोटार. नसरापूरकरांच्या घरात काहीही बिघडलं की लोक आधी आनंदकडे बघत आणि मग बिघडलेल्या वस्तूकडे. त्यात आणखी एक भर, एवढंच.

"अण्णा," नलू म्हणाली, "अशा वेळी कायदा काय सांगतो?"

नलू पंतांची मुलगी. मॅट्रिकला बसलेली, आणि बापाची चिकित्सक बुद्धी सगळीच्या सगळी तिच्याकडे गेलेली. तिनं विचारलं ते भाबडेपणानं की खोचून, हे पंतांना कळलं नाही. पण कुणी कायदा विचारला आणि त्यांनी सांगितला नाही, असं आजवर झालं नव्हतं.

"नुसती धडक बसली असती तर फार नव्हतं," ते खाकरून म्हणाले. "अपघात कुणाच्याही हातून होतो. दंडावर भागतं. पण धडकेनंतर चालवणाऱ्यानं थांबलं पाहिजे. आपलं नाव सांगितलं पाहिजे. जखमीला दवाखान्यात पोचवलं पाहिजे. आणि चौकीवर जाऊन वर्दी दिली पाहिजे. यातलं काहीच न करता जो पळतो, त्याच्यावर कोर्ट दया दाखवत नाही. दंड होतो, कैद होऊ शकते, लायसन तर जातंच."

"आणि लायसन मुळातच नसलं तर?"

"आनंदकडे आहे," पंत घाईनं म्हणाले.

"मी आपलं सहज विचारलं," नलू म्हणाली. "आज घरातही पगडी घालून बसलाय, अण्णा. उकडत नाही का?"

पंतांनी पगडी आणखी घट्ट केली. शनिवारच्या उन्हात त्यांचं टक्कल चांगलं भाजून निघालं होतं आणि ते सकाळपासून कुणाला दाखवण्याजोगं राहिलं नव्हतं.

अंबूबाईंनी मात्र एव्हाना पदर खोचला होता. पंतांच्या या पत्नीला संकटात हुरूप येई. "मोटार चोरीला गेली होती म्हणून सांगायचं," त्या म्हणाल्या.

"आणि चोरानं ती परत आणून अंगणात लावली?"

"मग रखमाजी चालवत होता म्हणावं."

रखमाजी म्हणजे बागेला पाणी घालणारा साठीचा गडी. तो रोज सकाळी मोटारीला हळदकुंकू वाहून हात जोडी, ते तिनं आपल्या अंगावर येऊ नये म्हणून. तिच्यात बसायची त्याची आजवर छाती झाली नव्हती. हे सगळ्यांना आठवलं आणि ती सूचना तिथंच पडली.

तेवढ्यात माजघराच्या दाराआडून बांगड्या वाजल्या. आनंदची बायको पद्मजा तिथं उभी होती. या घरात येऊन तिला नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत ती थोरल्या दिरांशी एक अक्षर थेट बोलली नव्हती. रीतच तशी होती. ती दाराआडून जावेला सांगे, आणि जाऊ तेच नवऱ्याला सांगे. पंतांना पहिल्या वेळीच सगळं स्वच्छ ऐकू गेलेलं असे, पण उत्तर द्यायचं ते दुसऱ्यांदा ऐकल्यावर.

"वहिनी, भावोजींना विचारा," पद्मजा म्हणाली, "काल हे जेवल्यावर झोपले होते, असं अशिलाचा माणूस संध्याकाळी पेरू घेऊन आला तेव्हा म्हणाला. झोपलेला माणूस मोटार कशी चालवतो, एवढं विचारा."

"ती विचारतेय, जेवण बरं झालं होतं का म्हणून," अंबूबाई म्हणाल्या.

"वहिनी, मी असं नाही म्हटलं."

"तू गप बस," आनंद बायकोला म्हणाला. "मी आधी चालवली, मग झोपलो."

घरात दोन तट पडत चालले होते. अंबूबाई आणि आनंद एकीकडे, पद्मजा आणि नलू दुसरीकडे. आणि आपण कुठल्या बाजूला आहोत हे पंतांचं पंतांनाच सांगता येत नव्हतं. त्यांनी वकिलीचा आधार घेतला.

"हे बघ आनंद, बचाव एकच आहे. कुणाला लागलं हे तुला कळलंच नाही, असं सांगायचं. माणूस पडलेला तू पाहिला नाहीस, काही ऐकलं नाहीस. कळलंच नाही तर पळाला असं कसं म्हणणार? चालवणाऱ्याच्या मनात काय होतं, ते सिद्ध करणारा साक्षीदार जगात नसतो. मी स्वतः उभा राहतो तुझ्या बाजूनं. सुटशील."

बोलता बोलता त्यांना खरंच बरं वाटायला लागलं. बचाव सुरेख होता. तो कुणासाठी आहे, एवढंच विसरायला हवं होतं.

दुपारची जेवणं कशीबशी उरकत होती, तेव्हा दारात बैलगाडी थांबली. गाडीत पेंढ्यावर एक काटक माणूस आडवा होता आणि त्याच्या डाव्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. त्याच्याजवळ बसलेली बाई खाली उतरली. बैलांपाशी तिचा भाऊ गेनबा उभा राहिला. सगळ्यांचंच तोंडचं पाणी पळालं. आनंदला अंबूबाईंनी दंडाला धरून माजघरात ढकललं. नलू आणि पद्मजा दाराआड आधीच होत्या. ओसरीवर एकटे पंत उरले.

"वकीलसायबांचं घर ह्येच का?" बाईनं विचारलं.

"हो. मीच."

तिनं वाकून पायरीला हात लावला. "म्या बनाबाई. ह्ये आमचं मालक, सावळाराम. गुंजवण्याचं. काल एका मोटारवाल्यानं ह्येंला उडवलं आन् पळून गेला. समदी म्हनली, भोरात नसरापूरकर वकील हाय, त्यो हारत न्हाई. म्हनून भावानं पहाटं गाडी जुपली. तुमी आमचं वकीलपत्र घ्या."

पंतांना प्रथम काही उमगेना. आपल्याला मारायला लोक आले, असं समजून ते उभे राहिले होते. आता ते पुन्हा बसले.

"मोटार कुणाची होती, कळलं का?" त्यांनी सांभाळून विचारलं.

"मोटारीतलं आमाला काय कळतंय? मानूस मातूर वळखीन."

आता गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण बावीस वर्षांची सवय. समोर साक्षीदार उभा राहिला की पंतांची उलटतपासणी आपोआप सुरू होई.

"तुम्ही किती लांब होता?"

"ह्येंच्या मागं चार पावलं. माझ्या डोस्क्यावर पाटी व्हती. भावाकडं आंबेमोहर घिऊन चाललो व्हतो."

"ऊन डोळ्यांवर असेल. धूळही असेल."

"ऊन पाठीवर व्हतं. आन् मोटार थांबली तवा धूळ बसली."

"थांबली?"

"चिंचंखाली थांबली की. म्या हाक मारली. त्येनं मागं वळून बगितलं. मंग म्या त्येला नीट बगितला. डोस्क्यावर केस न्हाईत, समदं टक्कल, तांबडंलाल. मागं शेंडी तेवढी वाऱ्यानं उडत व्हती. नाक ह्ये असं, पोपटावानी. काळा कोट. वय पन्नाशीच्या पुढं."

अशी साक्षीदार पंतांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. एकही प्रश्न तिला हलवू शकला नाही. माजघरात भांडं पडल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ अंबूबाईंचं "अगबाई" ऐकू आलं. आनंदच्या डोक्यावर दाट, मधोमध भांग पाडलेले केस होते, आणि घरात पोपटाचं नाक एकाच माणसाला होतं.

दार उघडलं आणि आनंद तरातरा बाहेर आला. "बाई, मीच तो," तो म्हणाला. "काल मोटार मी चालवत होतो."

बनाबाईनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तुमी न्हवं. तुमच्या डोस्क्यावर तर रान माजलंय."

"तुम्हाला धुळीत नीट दिसलं नसेल."

"म्या वकीलसायेबांना सांगितलंय, धूळ बसली व्हती. खोटं कशापायी बोलताय, मालक? कुनाला वाचिवताय?"

गाडीतून सावळारामची हाक आली, "अगं, काय म्हनत्यात वकील? घेत्यात का न्हाई?"

"थांबा वाईच," ती म्हणाली, आणि तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत पिवळाजर्द भंडारा होता आणि त्यावर बेलाची तीन पानं. "वकीलसायेब, राग मानू नगा. मागं रानाच्या दाव्यात आमच्या वकिलानं आमालाच इकलं. तवापासनं आमच्यात वकिलाला बेलभंडारा उचलाया लावत्यात. तुमी येवढं उचला आन् म्हना, त्यो टकल्या घावस्तवर म्या हटनार न्हाई, त्येच्याकडून काई घेनार न्हाई. मंग आमचा जीव तुमच्या हवाली."

कोर्टातल्या शपथा पंतांनी हजारांनी ऐकल्या होत्या. 'ईश्वरसाक्ष खरं सांगेन' म्हणून माणूस पहिल्याच वाक्याला खोटं बोलतो, हे त्यांना ऊन-पावसासारखं परिचयाचं होतं. पण जेजुरीचा खंडोबा त्यांचाही कुलस्वामी होता. ते त्या पिवळ्या चिमटीकडे बघत राहिले. हात काही केल्या उठेना. उचलला तर खोटं ठरणार, आणि न उचलावा तर विकला गेलेला वकील. दोन्हीकडून कोंडी अशी झाली होती की तिच्यावर कुठल्याच कोर्टात अपील नव्हतं.

"उचला, भावोजी."

पद्मजा उंबऱ्यावर उभी होती. दाराआड नव्हती, मध्ये अंबूबाई नव्हत्या. ती सरळ त्यांच्याकडे बघून बोलली होती. नऊ वर्षांत थेट बोललेले हे दोनच शब्द पंतांना जितके लागले, तितके न्यायाधीशांचे ताशेरेही कधी लागले नव्हते. आपल्या धाकट्या भावाला तुरुंगात धाडायला आपण सकाळपासून सुरेख बचाव रचत बसलो होतो, हे त्यांना एकदम लख्ख दिसलं, आणि स्वतःची शिसारी आली.

त्यांनी दोन्ही हातांनी पगडी काढली आणि बनाबाईच्या पायाशी पायरीवर ठेवली. उघडं डोकं खाली घातलं. ते अजून लालेलाल होतं आणि मधोमध सालपट निघत होतं.

बनाबाई वाकून बघत राहिली. मग तिनं बाजूनं जाऊन नाक पाहिलं. मागे जाऊन शेंडी पाहिली.

"काय झालं गं?" गाडीतून सावळाराम.

"घावला."

"कोन?"

"वकील."

"कुनाचा वकील? आपला का त्येचा?"

"दोगांचाबी त्योच," बनाबाई म्हणाली, आणि मटकन पायरीवर बसली.

पुढच्या घटकाभरात घरात जी धावपळ झाली तिला ताळमेळ नव्हता. आनंद डॉक्टरांना आणायला पळाला. अंबूबाई बाहेर आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आधी आतली गादी आणून ओसरीवर घातली, गेनबाच्या आणि रखमाजीच्या मदतीनं सावळारामला उचलून तिच्यावर नीट झोपवलं, आणि त्याच्या उशाशी बसून त्याला पाणी पाजलं. पाजताना त्यांच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी गळत होतं. रखमाजीच्या गळ्यात आपण काय अडकवायला निघालो होतो, ते आठवून असेल, किंवा नवऱ्याच्या मोटार शिकण्याची गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नाही म्हणूनही असेल. डॉक्टरांनी कामट्या सोडून हाड बसवलं तेव्हा सावळारामनं ओठ दाबून धरला आणि पंतांनी डोळे मिटून घेतले. पाय सहा आठवड्यांत जुळेल, असं डॉक्टर म्हणाले.

"मला क्षमा मागायलाही तोंड नाही," पंत म्हणाले. "तुम्ही दुसरा वकील बघा, बाई. वरच्या आळीत आहेत एक. मी आत्ता चौकीवर जातो."

"दुसऱ्याला काय ठाव?" बनाबाई म्हणाली. "तुमाला समदं ठाव हाय. बसा आन् फिर्याद लिवा."

"माझ्याविरुद्ध? मीच?"

"मंग? हारत न्हाई म्हनून आलो की तुमच्याकडं."

नलूनं बैठकीवर कागद, दौत आणि टाक आणून ठेवला.

पंत लिहायला बसले. पहिल्या दोन ओळी वाकड्या गेल्या. मग हळूहळू अक्षर सुधारलं. फिर्याद म्हणजे फिर्याद. ती लिहायची तर पक्कीच लिहायची, याखेरीज दुसरी पद्धत त्यांना ठाऊकच नव्हती. वार, तिथी, वेळ, जागा, ऊन कुठल्या बाजूला होतं, धूळ केव्हा बसली. आरोपीकडे मोटार चालवण्याचं लायसन नाही, हे त्यांनी वेगळं कलम घालून लिहिलं. भोंगा वाजवला नाही, हेही घातलं.

गादीवरून सावळाराम चुळबुळ करत होता. "वकीलसायेब, पाय मोडला असं नगा लिवू. मुरगाळला लिवा. तुमी मोठं मानूस. आबरूचा सवाल हाय."

"मुरगाळला लिहिलं तर कलम बदलतं," पंत वर न बघता म्हणाले. "आरोपी दंडावर सुटेल."

"सुटू द्या की मंग."

"तुम्ही बोलू नका. तुम्ही अशील आहात."

आनंद खांबाला टेकून ऐकत होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, धडक दिली एवढं लिहा. पण हाक ऐकू आली नाही म्हणा. सकाळी तुम्हीच सांगितलंत, मनातलं कुणाला सिद्ध करता येत नाही. तेवढ्यावर वकिलीची सनद तरी वाचेल."

"वाचेल," पंत म्हणाले. बचाव अजूनही तितकाच सुरेख होता. क्षणभर टाक कागदाच्या वर अधांतरी राहिला. मग त्यांनी लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "फिर्यादीच्या बायकोने मारलेली हाक आरोपीने ऐकली. ऐकून मागे पाहिले. माणूस पडला आहे हे पाहून, दुसरा कुणी साक्षीदार नाही अशा समजुतीने आरोपी निघून गेला."

सावळारामच्या उशाशी बसलेल्या अंबूबाईंनी विचारलं, "आणि उद्याचा हुकूम?"

"तो आता दुसऱ्या कुणाच्या नावानं निघेल."

त्या उठून आत गेल्या आणि पाहुण्यांच्या जेवणाचं बघायला लागल्या. आतून त्यांनी पद्मजाला तांदूळ निवडायला सांगितलं, तो आवाज रागाचा नव्हता. बावीस वर्षं ज्या नेमणुकीची वाट पाहिली ती अशी एका ओळीत गेली, याचं पंतांना वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं त्यांनी लपवलंही नाही. उपरण्यानं डोळे टिपले आणि टाक पुन्हा उचलला.

"झालं का?" बनाबाईनं विचारलं. "पोरी, तू वाच बरं. मला वकिलाचा अजून इस्वास न्हाई."

नलूनं फिर्याद पहिल्यापासून वाचली. बापाच्या नावापाशी ती अडखळली, पण नाव तिनं पूर्ण वाचलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. सावळाराम कानांवर हात ठेवल्यासारखा पडून राहिला. बनाबाई गुडघ्याला हाताची मिठी घालून ऐकत होती.

"काही राहिलं का?" पंतांनी विचारलं. प्रश्न धंद्याचा होता, पण आवाज त्यांनाच ओळखू येईना इतका मऊ. "तुमच्याकडून काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा. मग घालता येत नाही."

बनाबाईनं विचार केला. "सांगायचं येवढंच," ती म्हणाली, "की काल नुसतं मागं येऊन ह्येंला पानी पाजलं असतं, तर आमी भोरची वाट बी धरली नसती. पाय काय, पडूनबी मोडतो मानसाचा. पर म्या हाक मारली आन् मानूस बगून गेला, ते रातभर गिळता ईना."

ती रागावून बोलली नव्हती. आजवर समोरच्या बाजूचं कुठलंही म्हणणं पंतांनी असं निरुत्तर होऊन ऐकलं नव्हतं.

बाहेर आनंद मोटारीला हँडल मारत होता. चौकीवर दिवस मावळायच्या आत पोचायचं होतं.

बनाबाईचं बोलणं आरोपीच्या विरुद्ध फार जोरदार होतं. गंगाधरपंतांनी टाक दौतीत बुडवला, तिला पहिल्यापासून पुन्हा एकदा सावकाश बोलायला सांगितलं, आणि एक शब्द न गाळता ते तिच्याच भाषेत उतरवून घेतलं.